प्लेसमेंटचं पान लिहिण्याआधी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तू इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमध्ये रुजू झालास हे कळलं, आणि पहिल्याच आठवड्यात दोन कामं अंगावर आली हेही. माहितीपत्रकातलं प्लेसमेंटचं पान तयार करायचं आणि सामाईक प्रवेशाचे कॅप राउंड सुरू झाले की प्रवेशाच्या टेबलावर बसायचं. दोन्ही कामं एकाच माणसाकडे आली हे फार बरं झालं. पान लिहिणारा एक आणि पालकांसमोर बसणारा दुसरा असला की पानावर काहीही छापलं जातं. तुला मात्र छापलेला आकडा समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून सांगावा लागणार आहे.

त्या टेबलावर कोण येतं ते आधी सांगते. निफाड, चांदवड, येवल्याहून सकाळच्या एसटीने निघालेले आईवडील येतात. सोबत मुलगा किंवा मुलगी आणि हातात प्लास्टिकची फाइल. फाइलीत सीईटीचं स्कोअरकार्ड, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला आणि प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. लॅब दाखवली तर ते मान डोलावतात, वायफायचं सांगितलं तर ऐकून घेतात. मग वडील फाइल टेबलावर ठेवतात, हात तिच्यावरच राहू देतात आणि विचारतात, "सर, पोराला नोकरी लागंल ना?" कांद्याला भाव मिळाला नाही तर पुढची फी कुठून भरायची, ही चिंता त्या एका वाक्यामागे असते. तू जो आकडा सांगशील त्यावर ते घर चार वर्षं चालणार आहे. म्हणून आकडा कसा बनतो ते तुला मुळापासून माहीत असायला हवं.

समज, एका शाखेत पहिल्या वर्षाला 120 मुलं आली. डिप्लोमाहून थेट दुसऱ्या वर्षाला येणारी मुलं हिशेबापुरती बाजूला ठेवू. एम-वन, एम-टू ही गणितं आणि मेकॅनिक्स यांत केटी लागत-लागत, म्हणजे विषय राहत-राहत, काहींचं वायडी झालं, वर्ष वाया गेलं, काही सोडून गेली आणि चार वर्षांत वेळेवर 90 पास झाली. कंपन्यांची अट असते दहावी, बारावी आणि डिग्रीला 60 टक्के आणि चालू बॅकलॉग नाही. त्यात 70 बसली. दहा जणांनी गेट किंवा परदेशाची तयारी करायची म्हणून नाव नोंदवलं नाही. उरले 60. त्यांतल्या 54 जणांना नोकरी लागली. आता पानावर काय लिहायचं? 60 पैकी 54 म्हणजे 90 टक्के. वेळेत पास झालेल्या 90 पैकी म्हणशील तर 60 टक्के. आणि ज्या 120 घरांनी पहिल्या वर्षी फी भरली त्यांच्या हिशेबाने 45 टक्के. तिन्ही गणितं बरोबर आहेत. पण टेबलासमोर बसलेला बाप 120 मधला आहे. त्याचा मुलगा 60 मध्ये पोहोचेल की नाही हे आज कोणालाच ठाऊक नाही. त्याला फक्त 90 सांगणं म्हणजे त्याच्या प्रश्नाला दुसऱ्याच्या मुलाचं उत्तर देणं.

तेव्हा तुझ्या पानावर टक्केवारीच्या आधी चार आकडे येऊ देत: किती आले, किती वेळेत पास झाले, किती जणांनी नाव नोंदवलं, किती जणांना नोकरी लागली. पुढ्यात चार आकडे असले की टक्के काढायला कोणालाही कॅल्क्युलेटर पुरतो.

हे मी काही जगावेगळं सांगत नाही. केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत 2016 पासून कॉलेजं हीच माहिती भरून देतात, आणि ती पीडीएफ कॉलेजच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. तुझ्या कॉलेजची असेल तर आजच शोध. मंजूर जागा, प्रत्यक्ष प्रवेश, थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं, ठरलेल्या मुदतीत पास झालेली मुलं, नोकरी लागलेली मुलं, त्यांचा मधला पगार (सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारा) आणि उच्च शिक्षणाला गेलेली मुलं, हे सगळं एकाच ओळीत असतं. ती पीडीएफ आणि आपलं माहितीपत्रक शेजारी-शेजारी ठेवून बघ. दोन्हीकडे वेगळे आकडे असतील तर कुठला का वेगळा आहे याचं उत्तर तुझ्याकडे असलं पाहिजे, कारण हल्ली पालकांसोबत आलेला मोठा भाऊ मोबाइलवर ती पीडीएफ उघडूनच बसलेला असतो.

पगाराबद्दल फार लांबण लावत नाही. दहा मुलांपैकी नऊ जणांना साडेतीन लाखांची नोकरी लागली आणि एकाला 44 लाखांची, तर सरासरी साडेसात लाखांच्या वर जाते. त्या दहात साडेसात लाख मिळवणारा एकही मुलगा नाही. सर्वाधिक पॅकेजचा फोटो लावायचाच असेल तर लाव, त्या मुलाचं कौतुक व्हायलाच हवं. पण त्याखाली मधला पगार तेवढ्याच मोठ्या अक्षरात छाप. आणि सीटीसीत, म्हणजे पॅकेज म्हणून सांगतात त्या वर्षाच्या आकड्यात, कंपनीने भरायचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा, वर्षअखेरचा व्हेरिएबल हे सगळं धरलेलं असतं, हे पालकांना तोंडी सांगत जा. महिन्याला बँकेत किती पडतील हे त्यांना कळलं पाहिजे, कर्जाचा हप्ता तिथूनच जायचा असतो.

ऑफर आणि रुजू होणं या दोन गोष्टी वेगळ्या रकान्यांत ठेव. एका मुलाला तीन ऑफर्स आल्या तर मुलगा एकच मोजायचा. 2022 साली पास झालेल्या कितीतरी मुलांना आयटीतली ऑफर लेटर्स हातात असूनही महिनोन् महिने जॉइनिंगची वाट बघावी लागली. त्या काळात आईवडील शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढे वाटून बसले होते. अप्रेंटिसशिप, सहा महिन्यांची इंटर्नशिप, हे सगळं चांगलंच आहे, पण कायमच्या नोकरीच्या बेरजेत ते घालू नकोस.

आता ज्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त जीव टाकला ती. कॉलेजचा निकाल बराचसा आत कोण आलं यावर ठरतो. जिथे 97 पर्सेंटाइलची मुलं येतात तिथल्या मुलांना चांगल्या नोकऱ्या लागणारच, कॉलेजने फार काही केलं नाही तरी. नाशिकच्या कॉलेज रोडने चालत गेलास तर क्लासेसचे आणि इंटिग्रेटेड ज्युनिअर कॉलेजांचे फलक दिसतात, त्यांचंही तेच. प्रवेशालाच परीक्षा घेऊन हुशार मुलं निवडायची, त्यांची वेगळी बॅच करायची आणि दोन वर्षांनी त्यांचे फोटो लावायचे. त्या बॅचबाहेरची शे-दोनशे मुलं कुठे गेली हे फलक सांगत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. यशस्वी विद्यार्थ्याची लेखी संमती निवड झाल्यानंतरच घ्यायची, आणि त्याने कुठला कोर्स केला, किती मुदतीचा केला हे फोटोसोबत लिहायचं. त्या सूचना कोचिंगसाठी आहेत, पण तू त्या स्वतःला लागू आहेत असं समजून वाग.

म्हणून तुझ्या स्वतःच्या शीटमध्ये एक रकाना असा ठेव, जो माहितीपत्रकात कोणी मागणार नाही: मुलगा आला तेव्हा त्याचं सीईटीचं पर्सेंटाइल काय होतं. मग गटवार बघ. 90 च्या वरची, 75 ते 90 मधली आणि 75 च्या खालची. खालच्या गटातली किती मुलं वेळेत पास झाली आणि किती कामाला लागली, हा कॉलेजचा खरा निकाल. टेबलासमोर 68 पर्सेंटाइलचा मुलगा बसला असेल तर त्याला त्याच्यासारख्या मुलांचं काय झालं ते सांगता येईल. हे सांगू शकणारा माणूस नाशिकच्या प्रवेशाच्या बाजारात क्वचितच भेटतो.

आणि त्या खालच्या गटाचं काय करायचं हे प्लेसमेंट सेलचंच काम आहे, हे मनात पक्कं कर. प्लेसमेंट बीईला, म्हणजे शेवटच्या वर्षाला, सुरू होत नाही, ती एफईच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, पहिल्या सेमिस्टरला सुरू होते. ज्या मुलाला गणितात केटी लागली तो तेव्हाच तुझ्या यादीतून गळायला लागलेला असतो. गणित विभागाकडे जाऊन बस, युनिट टेस्टचे मार्क माग, नावं काढ आणि त्या मुलांना सेमिस्टर संपायच्या आत भेट. सुरगाण्याहून आलेली, बारावीपर्यंत मराठीतच सगळं बोललेली एक मुलगी माझ्याकडे होती. कोडिंगच्या फेरीत ती पहिल्या पाचात असायची, आणि ग्रुप डिस्कशनला बसली की एक शब्द बोलायची नाही. तिला इंग्रजी सुधार असं सगळेच सांगत होते. आम्ही आधी तिला तिचा प्रोजेक्ट मराठीत समजावून सांगायला लावला, फळ्यासमोर उभं राहून, मैत्रिणींना. विषय तिच्या जिभेवर बसला. मग तीच वाक्यं तिने इंग्रजीत लिहिली, मग बोलली. पुढच्या कंपनीच्या मुलाखतीत तिने पॅनेलला त्यांच्याच शंकेचं उत्तर खडू घेऊन फळ्यावर काढून दाखवलं. तिची निवड झाली. पगार त्या वर्षीच्या यादीत बऱ्याच खाली होता, माहितीपत्रकात तिचा फोटो आला नाही. माझ्या मते त्या वर्षीचं सेलचं सगळ्यात चांगलं काम तेच होतं.

मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलच्या मुलांना आयटीच्या रांगेत ढकलून मोकळा होऊ नकोस. सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या एमआयडीसीत मोठ्या कंपन्यांच्या आजूबाजूला डाय, पॅनेल, फिक्स्चर बनवणारी कितीतरी छोटी युनिट्स आहेत. ती कॅम्पसला येत नाहीत, त्यांना वर्षाला एक-दोन मुलं लागतात. तिथे तूच जायचं. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांच्या कार्यालयांत ओळख करून घे, गाडीवरून शेड-शेड फीर, मालकाला विचार की तुमच्याकडे नवीन मुलगा आला की पहिले सहा महिने कशात अडतो. ड्रॉइंग वाचता येत नाही, हे उत्तर तुला पुन्हा-पुन्हा मिळेल. ते येऊन विभागप्रमुखांना सांग.

प्रवेशाच्या टेबलावर पैशाची एक गोष्ट न विचारताही सांगायची. कॅपमधून आलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसच्या ज्या मुलींच्या घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 2024-25 पासून शासन पूर्ण भरतं. त्याच प्रवर्गांतल्या मुलांना निम्म्या शिक्षण शुल्काची सवलत आहे. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या, जागाही कॅपमधूनच भरतात. कॉलेज स्वतः भरतं त्या संस्थास्तरीय कोट्यातून प्रवेश घेतला की या सवलती मिळत नाहीत. "राउंडची वाट कशाला बघता, आजच जागा पक्की करा" असं कोणी त्या बापाला सांगत असेल, तर तू हे चार वाक्यांत त्याच्यापुढे मांड. जागा त्याने कुठलीही घ्यावी, पण हे माहीत असताना घ्यावी. आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेली फी वेबसाइटवर असते, तिचा कागद काढून टेबलाच्या काचेखाली ठेव. देणगी घेणं 1987 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. कोणी आडून विचारलं तर सरळ प्राचार्यांकडे पाठव, स्वतः मध्ये पडू नकोस.

एक दिवस कोणीतरी वरून सांगेल की 45 आणि 60 काढा, 90 ठेवा, शेजारच्या कॉलेजने 95 लावलंय. त्या वेळी चिडू नकोस, भांडू नकोस. त्यांची अडचणही खरी असते, जागा रिकाम्या राहिल्या तर पगार थकतात. तू त्यांना म्हण, 90 ठेवू, पण त्याखाली "नोंदणी केलेल्या 60 पैकी 54" एवढी ओळ हवी, आणि एनआयआरएफची लिंक हवी. एवढं बहुतेक जण मान्य करतात, कारण त्यात नाकारण्यासारखं काही नसतं. तेवढीही ओळ काढायला लावली, तर त्या पानाखाली तुझं नाव आणि मोबाइल नंबर छापू देऊ नकोस, आणि का ते लेखी कळव. टेबलावर विचारलं तर खरे आकडे तोंडी सांगायला तुला कोणी अडवू शकत नाही.

बीईच्या बॅचची यादी परीक्षा विभागाकडून मागून घे, चार वर्षांपूर्वीच्या एफईच्या प्रवेश यादीसकट. दोन्ही मिळाल्या की फोन कर. मी गंगापूर रोडलाच आहे, रविवारी लॅपटॉप घेऊन ये. पहिली शीट दोघं मिळून भरू, पर्सेंटाइलच्या रकान्यापासून.

तुझी,
मॅडम