वाचक विचारतात: अंतिम यादीतली कादंबरी आणि मुखपृष्ठावरचं पदक

प्रश्न: कुमारवयीन मुलांसाठी लिहिलेली कादंबरी मी स्वतःच प्रकाशित केली. ती एका पुरस्काराच्या अंतिम यादीत आल्याचं पत्र आलं आहे. आता पुस्तकावर 'पुरस्कारप्राप्त' असं छापता येईल का?

उत्तर: मनापासून अभिनंदन! पण 'पुरस्कारप्राप्त' छापू नका. अंतिम यादीत येणं हा मोठाच मान आहे, मात्र तो पुरस्कार नव्हे. किशोरांची पुस्तकं बहुतेक वेळा शिक्षक, ग्रंथपाल किंवा पालक निवडतात आणि ही मंडळी संस्थेची यादी उघडून पाहतात. तिथे विजेत्याच्या जागी दुसरंच नाव दिसलं, तर तुमच्या पुढच्या पुस्तकावरही त्यांचा विश्वास बसणार नाही.

बातमीच्या पहिल्याच ओळीत चार गोष्टी द्या: पुरस्काराचं पूर्ण नाव, वर्ष, विभाग आणि टप्पा. म्हणजे पुरस्काराच्या नावापुढे '2025, कुमार कादंबरी विभाग, अंतिम यादीत निवड' असं. लेखक विभाग गाळतात, तिथेच घोळ होतो. वर्षही संस्था लिहिते तेच घ्या, कारण काही ठिकाणी ते निकालाचं असतं, तर काही ठिकाणी पुस्तक प्रकाशित झाल्याचं.

आणि पत्र पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचा. अमुक तारखेपर्यंत गुप्तता पाळा, अशी अट बरेचदा तळाशी असते. तोवर नवं मुखपृष्ठ विक्रीच्या संकेतस्थळावर चढवूही नका. ते मंजूर झालं की लगेच सगळ्यांना दिसू लागतं.

प्रश्न: संस्थेने पदकाचं चित्र पाठवलं आहे. मुखपृष्ठावर टाकून पाहिलं तर छपाईत फिकट आणि धूसर आलं. नवा आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) घ्यावा लागेल का?

उत्तर: नाही. मजकूर आणि बांधणी तीच असेल, तर नुसत्या पदकासाठी 13 अंकी क्रमांक बदलत नाही.

धूसरपणाचं कारण बहुधा चित्राचा आकार. 3 सेंटिमीटरचं पदक 300 डीपीआयने, म्हणजे दर इंचाला 300 ठिपके धरून, छापायचं तर चित्र किमान 355 पिक्सेल रुंद हवं. ईमेलमधलं चित्र बरेचदा त्याहून लहान असतं आणि ताणलं की कडा फुटतात. संस्थेकडे पीडीएफ किंवा एसव्हीजी स्वरूपातली व्हेक्टर फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा न फुटणारी फाइल, मागा. सोनेरी रंगाचं दुखणं वेगळं. पडद्यावरची चमक चार रंगांच्या छपाईत उतरत नाही, तिथे मातकट पिवळा येतो. म्हणून फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या त्याच चार रंगांत, बदलून एक नमुना प्रत काढा, मगच पुढे जा. पदक कापणीच्या कडेपासून निदान 1 सेंटिमीटर आत ठेवा आणि शीर्षकावर किंवा पात्राच्या चेहऱ्यावर येऊ देऊ नका.

घरात आधीच छापलेल्या प्रती असतील तर स्टिकर लावा. मॅट लॅमिनेशनवर, म्हणजे मुखपृष्ठावरच्या बिनचमकीच्या पातळ प्लॅस्टिक थरावर, काही डिंक नीट धरत नाहीत, काही इतके घट्ट बसतात की काढताना थर सोलतात. एका प्रतीवर लावून दोन दिवसांनी काढून बघा. चित्र वापरायला परवानगी आहे का, त्याचे पैसे लागतात का, हे मात्र छपाईआधी लेखी विचारून घ्या. पुस्तक यादीत आलं म्हणून पदकचिन्हाचा परवाना आपोआप मिळतोच असं नाही.

प्रश्न: पण मुलांना या पदकाचं काय?

उत्तर: फारसं काही नाही, आणि ते बरोबरच आहे. तेरा-चौदा वर्षांची वाचक नायिका कुठल्या पेचात सापडली आहे ते आधी बघते. म्हणून मलपृष्ठावर कथेचा पेचच वर राहू द्या, अंतिम यादीचा मान त्याखाली एका ओळीत. विक्रीच्या पानावर मात्र तो पहिल्या दोन ओळींत हवा, कारण पुढचा मजकूर 'अधिक वाचा'मागे दडतो. शाळा आणि ग्रंथालयांना पाठवायच्या पत्रात वाचकांचा वयोगट, पृष्ठसंख्या आणि निकालाच्या पानाचा दुवाही जोडा. पुस्तक हातात घेतलेल्या मुलांचे फोटो टाकायचे असतील, तर पालकांची लेखी संमती आधी घ्या.