आईला बायोप्सीबद्दल सांगायचं का? माझं मत, जरा सविस्तर

तुझी पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला बसले. माझ्या भाचीच्या वयाची दिसतेस म्हणून अगं-तुगं करतेय, चालेल ना. तर आईचं वय ६१, मॅमोग्राफीच्या रिपोर्टात बायरॅड्स ४बी, सोमवारी बायोप्सी म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं, आणि मोठे काका म्हणतायत की तिला फक्त 'गाठीतलं पाणी काढायचंय' एवढंच सांगा नाहीतर ती हाय खाईल. माझं उत्तर आधीच देऊन टाकते, सांग. आणि सोमवारच्या आधी सांग. मी स्वतः ब्रेस्ट कॅन्सरच्या ट्रीटमेंटमधून गेलेय आणि त्यानंतर इथे बडोद्यात ओळखीतल्या बायकांसोबत तपासण्यांना, किमोला जाऊन बसते, त्यामुळे हे नुसतं वाचून सांगत नाहीये.

पहिलं म्हणजे ४बी चा अर्थ नीट समजून घे, कारण घरोघरी लोक तो आकडा चौथी स्टेज असल्यासारखा वाचतात आणि तिथेच सगळ्यांचे हातपाय गळतात. बायरॅड्सचा आणि स्टेजचा काही संबंध नाही. रेडिऑलॉजिस्टला फोटो बघून किती संशय वाटतो त्याचा तो नंबर आहे, ० ते ६. ३ आलं तर बहुतेक साधी गाठ, कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपर्यंत. ५ म्हणजे ९५ टक्के किंवा त्याच्यावर. मधल्या ४ चे ए, बी, सी असे तीन भाग केलेत, त्यातला बी म्हणजे १० ते ५० टक्के. म्हणजे असा रिपोर्ट आलेल्या १०० बायका घेतल्या तर निदान अर्ध्या जणींना कॅन्सर निघत नाही. हे काकांना पण वाचून दाखव, मला तर वाटतंय आईपेक्षा तेच जास्त घाबरलेत.

आता लपवण्याबद्दल. दांडिया बाजारातल्या एक काकू होत्या, मुलांनी त्यांना सांगितलेलं की गाठ साधी होती ती काढली, आता ताकदीची इंजेक्शनं चालू आहेत. किमो देतात त्या डे-केअर वॉर्डच्या दारावर गुजरातीत हे एवढ्या मोठ्या अक्षरात कॅन्सर विभाग लिहिलेलं आणि काकूंची सगळी शाळा गुजरातीतून झालेली! मुलगा औषधं आणायला खाली गेला तेव्हा मला हळूच म्हणाल्या, "मला पहिल्यापासून ठाऊक आहे गं, पण पोरं एवढी धडपडतायत मला कळू नये म्हणून, मग मी कशाला विचारू." बरं हे नुसतं मनाचं राहिलं नाही. त्यांच्या बोटांना मुंग्या यायच्या, साडीला पिन लावता येईना, किमोच्या काही औषधांनी असं होतं आणि ते डॉक्टरांना सांगायचं असतं कारण त्याप्रमाणे डोस कमी करतात किंवा औषध बदलतात. काकू सांगतच नव्हत्या, कारण ताकदीच्या इंजेक्शनाने मुंग्या कशाला येतील, विचारलं तर पोरांचं खोटं उघडं पडायचं. म्हणून मी म्हणते की लपवल्याने पेशंटची भीती जात नाही, फक्त ती एकटीने सोसावी लागते आणि वर उपचारात गोंधळ होतो तो वेगळाच.

सांगायचं कसं ते. आधी तिलाच विचार, "आई तुला काय वाटतंय, ही सुई कशासाठी सांगितलीय?" आणि मग गप्प बस, मधे बोलू नकोस. नव्वद टक्के घरांत आई म्हणते, "कॅन्सर आहे का ते बघायला ना?" म्हणजे अर्धं काम झालं. डॉक्टरांना वाईट बातमी कशी द्यायची ते शिकवतात त्यात स्पाइक्स म्हणून सहा पायऱ्यांची पद्धत आहे, २००० सालची, त्यातही सांगायच्या आधी पेशंटला किती माहीत आहे आणि किती जाणून घ्यायचंय हे विचारायचं असतं. तिने जर म्हटलं की मला काही सांगू नका, तुम्हीच बघा, तर तोही तिचा हक्क आहे आणि तो मानायचा, फक्त हे तिने ठरवायचं, काकांनी नाही. जमल्यास दुपारच्या चहाला बोल, रात्री नको, रात्री ऐकलेलं माणूस सकाळपर्यंत घोळवत बसतं. आणि "काही नसेल गं, तू उगाच टेन्शन घेतेस" हे टाळ. त्यापेक्षा "अजून कोणालाच माहीत नाहीये, मी तुझ्याबरोबर येणारे, रिपोर्ट आला की मला कळेल ते तुलाही कळेल" हे बोल आणि मग ते पाळ.

सुई लावली की कॅन्सर पसरतो असं कोणीतरी म्हणेलच, आमच्याकडे तर शेजारणीने जिन्यात गाठून सांगितलेलं. तसं नाहीये. कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने तुकडा काढणं, हीच तर ठरलेली पद्धत आहे आणि ती केल्याशिवाय कुठला चांगला डॉक्टर ट्रीटमेंट चालू करत नाही. जागा बधिर करतात, इंजेक्शन थोडं चुरचुरतं, मग ती सुई उडताना स्टेपलर मारल्यासारखा खट्ट आवाज होतो, त्या आवाजाला बायका जास्त दचकतात दुखण्यापेक्षा, म्हणून आईला आवाजाचं आधी सांगून ठेव. तिथे आत बाई असिस्टंट असावी असं वाटत असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच बोल, यात संकोच करायचं काहीच कारण नाही. किती बायका या एका लाजेपायी तपासणीच टाळतात हे बघून माझा जीव तुटतो. आणि आई बाहेर फाडफाड गुजराती बोलत असेल तरी घाबरल्यावर माणसाला घरचीच भाषा सुचते, तेव्हा तू जवळ असावंस.

रिपोर्टाची वाट बघण्याबद्दल कोणी नीट सांगत नाही. पहिला रिपोर्ट काही दिवसांत येतो. त्यात कॅन्सर निघाला तर त्याच तुकड्यावर पुढची तपासणी होते, ईआर पीआर आणि हर-टू, म्हणजे गाठ हार्मोनवर वाढणारी आहे का आणि तिच्यात हर-टू नावाचं प्रथिन जास्त आहे का, त्याला आणखी दिवस. हर-टू मधे २ प्लस, म्हणजे धड हो नाही धड नाही नाही असं आलं तर फिश म्हणून अजून एक टेस्ट, पुन्हा वाट बघणं. घरच्यांना वाटतं डॉक्टर टाळतायत किंवा काहीतरी भयंकर दिसलंय, तसं नसतं, औषध कुठलं द्यायचं ते यावरूनच ठरतं. हे दिवस ट्रीटमेंटपेक्षा कठीण जातात असं बऱ्याच जणी म्हणतात, मी पण म्हणते. या दिवसांत तिला रिकामं बसवू नका, खंडेराव मार्केटला भाजी आणायला ती रोज जात असेल तर जाऊ दे.

आणि देव करो न लागो पण पुढे ट्रीटमेंट लागलीच तर मनाला होणारा त्रास ताप-उलटीसारखाच डॉक्टरांना सांगायचा असतो हे डोक्यात पक्कं ठेव. काही लोक म्हणतात हे काउन्सेलिंग वगैरे हल्लीचं फॅड आहे. न्यूयॉर्कला मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमधे डॉ. जिमी हॉलंड यांनी कॅन्सर पेशंटसाठी सायकियाट्रीचा वेगळा विभाग १९७७ मधे चालू केला होता, सायको-ऑन्कोलॉजी म्हणून कॅन्सर पेशंटच्या मनाकडे बघणारी ही आख्खी शाखा आहे. माझंच सांगते, किमो चालू असताना रिक्षा हॉस्पिटलच्या रस्त्याला वळली की मला उलटी यायची, अजून सलाईन पण लागलेलं नसायचं. मी डॉक्टरांना सांगितलं तर ते अजिबात हसले नाहीत, म्हणाले हे होतं, मेंदू त्या वासाशी आणि जागेशी उलटी जोडून टाकतो, आणि त्यावर आदल्या रात्रीची एक गोळी आणि श्वासाचे व्यायाम दिले, बराच फरक पडला. तसंच किमोबरोबर डेक्सा देतात, त्या स्टेरॉइडने दोन-तीन रात्री झोप उडते आणि माणूस चिडचिड करतं, ते आईचा स्वभाव बदलला म्हणून मनाला लावून घेऊ नका.

घरी करता येण्यासारखं एक आहे. डॉक्टर लोक डिस्ट्रेस थर्मामीटर वापरतात, प्रश्न एकच की आज धरून गेल्या आठवडाभरात मनाचा त्रास ० ते १० मधे किती. ४ किंवा वर आलं तर त्याच्याकडे नीट लक्ष द्यायचं. दर रविवारी तिला विचार, वहीत लिही, पुढच्या ओपीडीला ती वही दाखव. "कशी आहेस" विचारलं तर आया "बरी आहे" म्हणतात, आकडा मागितला की खरं बोलतात हा माझा अनुभव आहे. दोन आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही असं झालं तर सायकियाट्रिस्टला दाखवा, आणि ती मरणाची भाषा बोलायला लागली तर थांबू नका, त्याच दिवशी. टेली-मानस या सरकारी मानसिक मदतीच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो. एक महत्त्वाचं, पुढे टॅमॉक्सिफेन ही ब्रेस्ट कॅन्सरची हार्मोन रोखणारी गोळी चालू झाली तर मनाच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांग, डिप्रेशनच्या काही गोळ्या, म्हणजे पॅरॉक्सेटीन, फ्लुओक्सेटीन, तिचा परिणाम कमी करू शकतात, दुसऱ्या चालतात पण त्यांना माहीत तर पाहिजे.

नातेवाईक "पॉझिटिव्ह राहा" म्हणत येतील. रडल्याने कॅन्सर वाढत नाही आणि हसत राहिल्याने बरा होत नाही, तिला रडावंसं वाटलं तर रडू दे. नातवंडांना दूर ठेवा म्हणणारेही भेटतील, कॅन्सर शिवल्याने होत नाही आणि बाहेरून दिलेल्या रेडिएशननंतर माणसाच्या अंगात किरण राहत नाहीत, नातू मांडीवर बसू शकतो. मग कुठे न्यायचं यावरून वाद, बडोद्यातच की गोरजला कैलास कॅन्सर हॉस्पिटलमधे की अहमदाबादला सिव्हिलच्या आवारात जीसीआरआय या कॅन्सर हॉस्पिटलला की मुंबईला टाटात. ही चर्चा तिच्यासमोर आणि तिला विचारून करा, तिच्या डोक्यावरून नको. खर्चाचा घोर बायका बोलून दाखवत नाहीत पण पोखरत असतो तोच जास्त, म्हणून आयुष्मान या सरकारी आरोग्य योजनेचं मा कार्ड नसेल तर आत्ताच चौकशी कर, गुजरातमधे २०२३ पासून त्यात कुटुंबाला वर्षाला १० लाखांपर्यंत कव्हर आहे.

सोमवारसाठी, आईला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आजच डॉक्टरांना फोन करून विचार, बंद करायच्या का ते तेच सांगतील, आपल्या मनाने नको. पुढून उघडणारा सैल ब्लाउज किंवा कुर्ता घालायला सांग, जुने मॅमोग्राफी-सोनोग्राफीचे फोटो बरोबर घे, नुसता रिपोर्ट नको. काका ऐकत नसतील तर त्यांना माझं हे सगळं वाचायला दे. आणि रिपोर्ट आला की त्यातलं नाव-नंबर झाकून इथे टाक, कुठला शब्द अडला तर मी सांगते काय विचारायचं डॉक्टरांना.