उत्तर: व्हीएमच्या आत वॉचपॉइंट लागतो, पण थांबत काही नाही

तुमची पोस्ट वाचताना दोनदा वर जाऊन नाव बघितलं, म्हटलं ही माझीच जुनी पोस्ट तर नाही ना. केव्हीएमच्या (लिनक्सचा हायपरव्हायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा भाग) गेस्टमध्ये, म्हणजे व्हीएमच्या आत, जीडीबी डीबगर, साधा ब्रेक (ठराविक ओळीवर थांबवणारा) बरोबर थांबतो, वॉचपॉइंट (व्हेरिएबल बदललं की थांबवणारा) लावला की 'हार्डवेअर वॉचपॉइंट २' असं छापूनही येतं, व्हेरिएबल डोळ्यादेखत बदलतं आणि जीडीबी ढिम्म. तोच प्रोग्राम साध्या मशीनवर पहिल्या फटक्यात थांबतो. अगदी हेच.

वॉच कसा लावायचा वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडतो. आधी होस्टवर (व्हीएम ज्या खऱ्या मशीनवर चालतं तिथे) बघा की या व्हीएमला बाहेरून कुठला जीडीबी जोडलेला आहे का. क्यूएमू (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) लहान '-s' ने चालू केलं असेल तर पोर्ट १२३४, तिथे कोणी बसलंय का बघा. बसलं असेल आणि त्याने एकसुद्धा एचब्रेक (प्रोसेसरच्या रजिस्टरमधून लागणारा हार्डवेअर ब्रेकपॉइंट) किंवा वॉच लावला असेल तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं.

माझी चूक काय झाली सांगतो. ड्रायव्हरचं काम होतं म्हणून मला आठवडाभर होस्टचं लॉगिन दिलेलं, मी तिथून ड्रायव्हरच्या प्रोब फंक्शनवर (डिव्हाइस सापडलं की चालणारं) एक एचब्रेक लावला, 'कंटिन्यू' केलं, टीमक्स (लॉगआउट झालं तरी चालू राहणारं टर्मिनल) डिटॅच केलं आणि विसरलो. लॉगिन गेलं, टीमक्स राहिलं. पुढे गेस्टमध्ये एका डीमनचा (मागे चालू राहणारा प्रोग्राम) काउंटर कोणीतरी खराब करतंय म्हणून वॉच लावला तर शून्य. बाहेरचा एचब्रेक मला आठवला नाही असंही नाही हो, एकदा डोक्यात येऊन गेलं, पण मी हिशोब असा केला की प्रोसेसरमध्ये ब्रेक-वॉचचे पत्ते ठेवणारे डीआर० ते डीआर३ असे चार रजिस्टर, एक बाहेरच्याने घेतला तर तीन उरले, मला एकच हवाय. इथेच माती खाल्ली. केव्हीएममध्ये अशी वाटणी होतच नाही. बाहेरून एक जरी हार्डवेअर ब्रेकपॉइंट लागला की खऱ्या प्रोसेसरवर बाहेरचाच अख्खा संच चढतो, गेस्टचे चारही बाजूला ठेवले जातात. आणि वाईट म्हणजे गेस्टने डीआर७ (त्या चारपैकी कुठला चालू ते ठरवणारा रजिस्टर) परत वाचला तर त्याने लिहिलेलीच किंमत दिसते, कारण केव्हीएम ती जपून ठेवतो, फक्त वापरत नाही. म्हणजे आतून बघाल तर सगळं जिथल्या तिथे. साधा ब्रेक चालतो कारण तो मेमरीत सीसी बाइट (थांबवणारी इन्स्ट्रक्शन) लिहितो, त्याचा या रजिस्टरांशी संबंध नाही.

त्यात मी शहाणपणा करून तीच इमेज माझ्या लॅपटॉपवर टीसीजीमध्ये (क्यूएमूचा केव्हीएमशिवायचा, प्रोसेसरची नक्कल करणारा मोड) चालवली, तिथे वॉचने लगेच थांबवलं, मग मी ठरवूनच टाकलं की हा टायमिंगचा रेस (दोन थ्रेड एकाच डेटावर एकदम लिहितात तो घोळ) आहे. कसला रेस! टीसीजी सगळं सॉफ्टवेअरमध्येच करतं, तिथे आतले-बाहेरचे एकमेकांच्या आड येत नाहीत. नऊ दिवस लॉक शोधत बसलो, गणपतीचं गावचं तिकीट कॅन्सल केलं.

होस्ट ज्यांच्या ताब्यात होता त्यांना सपोर्टचं तिकीट टाकलं, स्पष्ट विचारलं की बाहेरून डीबगर जोडलेला आहे का बघा. उत्तर: 'व्हीएम अप आहे, सीपीयू नॉर्मल, रीबूट करून बघा.' तिकीट बंद. परत उघडलं, परत तेच. एका कमांडचं काम होतं हो! शेवटी रात्रपाळीच्या एका पोराने स्क्रीन शेअर केली, टीमक्सची यादी काढली, आणि आत माझंच सेशन, शेवटची ओळ 'कंटिन्युइंग'. बोलायची सोय राहिली नाही. एचब्रेक डिलीट करून कंटिन्यू केलं तर आत लावून ठेवलेल्या वॉचने पुन्हा न लावताच मिनिटाभरात थांबवलं. मेमसेटमध्ये साइझऑफ चुकीच्या स्ट्रक्टचा होता, म्हणजे मेमरी भरताना आकार चुकीचा दिला होता, बस.

बाहेर कोणीच नसेल तर मात्र वेगळं बघावं लागेल. ज्या बफरवर वॉच आहे त्यात व्हर्टआयओमधून (व्हीएमचे आभासी डिस्क-नेटवर्क) डेटा येतोय का? ते लिहिणं होस्टच्या बाजूने होतं, गेस्टच्या सीपीयूने नाही, त्यामुळे वॉच थांबवणारच नाही. माझा अनुभव इंटेलवर केव्हीएमचा आहे, दुसरा हायपरव्हायझर असेल तर हे जसंच्या तसं धरू नका.

उलटा प्रकारही सांगून ठेवतो, गेस्टमधल्या साध्या प्रोसेसच्या पत्त्यावर बाहेरून वॉच लावू नका. रजिस्टरला फक्त व्हर्च्युअल पत्ता कळतो, प्रोसेस कळत नाही, तोच पत्ता दुसऱ्या प्रोसेसमध्ये असला की तिथेही थांबेल आणि तुम्ही भलत्याच स्टॅककडे बघत बसाल. माझ्या मते बाहेरून फक्त कर्नल बघावा, प्रोसेस आतूनच. आणि बूटच्या सुरुवातीलाच बाहेरून थांबायचं असेल तर तिथे एचब्रेकच, कारण सीसी बाइट कॉम्प्रेस केलेला कर्नल मेमरीत उलगडताना पुसला जातो, शिवाय कर्नलला 'नोकेएएसएलआर' (कर्नलचा पत्ता दर बूटला बदलू न देणारा पर्याय) द्या.

कोणी सांगेल की जीडीबीत हार्डवेअर वॉच बंद करून सॉफ्टवेअर वॉच लावा. लागतो, पण एकेक इन्स्ट्रक्शन स्टेप करत जातो, चहा पिऊन या, जेवून या, आणि दुसऱ्या थ्रेडने लिहिलं तर निसटूही शकतं. मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

पोर्ट १२३४ वर काय दिसतं ते इथे टाका. स्क्रीनशॉट नको, टेक्स्ट टाका.