ॲडव्हर्स म्हणजे कोणाच्या विरुद्ध?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

राजापूरच्या कोर्टात तू आता स्वतंत्रपणे उभा राहतोस, हे ऐकून फार बरं वाटलं. ‘इतकी वर्षं बाग मीच कसतोय, जमीन माझ्या नावावर करून द्या’ म्हणणारा पक्षकार आलाय आणि ॲडव्हर्स पझेशनचा, म्हणजे मालकाविरुद्धच्या दीर्घ कब्जावरून मालकी मागण्याचा, दावा लावू का, असं तू विचारतोस. घाई करू नकोस.

एरवी हा इंग्रजी शब्द हवामानाला, औषधाच्या परिणामाला लागतो. जे बाधतं, ते ॲडव्हर्स. जमिनीच्या कायद्यात मात्र त्याला समोर मालक लागतो. त्याचा हक्क नाकारून, त्याला कळेल असा उघड, अखंड ठेवलेला कब्जा तोच ॲडव्हर्स. नुसती जुनी वहिवाट पुरत नाही. 1963 च्या मुदत कायद्यातला अनुच्छेद 65 पुन्हा वाच. 12 वर्षं मोजायची ती बागेत पाय ठेवल्यापासून नव्हे, कब्जा मालकाच्या विरुद्ध झाला तेव्हापासून. सरकारी जमिनीला 30 वर्षं.

आता आपल्याकडची जमीन बघ. थोरला मुंबईला गिरणीत गेला, जाताना धाकट्याला म्हणाला, ‘बागेकडे बघ रे.’ धाकट्याने कलमं लावली, गडगा घातला, पीकपाहणीला त्याचंच नाव लागलं. त्याचे कष्ट खरे आहेत आणि अशा माणसांसाठी माझा जीव तुटतो. पण तो परवानगीने आत आला. परवानगीचा कब्जा कितीही जुना झाला तरी आपोआप विरोधी होत नाही. सातबारा सामायिक असेल तर आणखी अवघड, कारण एका सहहिस्सेदाराचा कब्जा सगळ्यांच्या वतीने धरतात. ‘तुझा इथे काही हक्क नाही’ असं दुसऱ्याला उघड बजावल्याचं सिद्ध करावं लागतं. उलटतपासात समोरचा वकील एवढंच विचारेल, ‘दरवर्षी मुंबईला आंब्याची पेटी पाठवायचात ना?’ तुझा पक्षकार अभिमानाने सांगेल, ‘एकदाही चुकवली नाही.’ त्या उत्तरानंतर तुझ्या हातात फारसं काही उरणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या रविंदर कौर ग्रेवाल निकालापासून असा कब्जेदार वादी म्हणूनही कोर्टात येऊ शकतो, हे खरं. पण शाबितीचा सगळा भार त्याच्यावरच. शिवाय समोरच्याची मालकी आधी मान्य करावी लागते. ‘वडिलांनी विकत घेतली होती’ आणि ‘ॲडव्हर्स आहे’ या दोन्ही गोष्टी एका दाव्यात गळ्यात गळा घालून चालत नाहीत.

म्हणून त्याला आधी विचार, आत कोणाच्या सांगण्यावरून गेलास? भावाची जुनी पत्रं, फेरफार, सगळे उतारे मागव. वारस म्हणून त्याचा हिस्सा निघत असेल तर वाटपाचा दावा कर आणि त्याने लावलेली कलमं शक्यतो त्याच्याच वाट्याला यावीत, अशी मागणी त्यात घाल. गणपतीला मुंबईकर घरी येतील तेव्हा दोघांना समोरासमोर बसवता आलं तर तेही बघ. मसुदा झाला की मला दाखव.

तुझा शुभचिंतक