माउंटन बाइक ट्रेलची, म्हणजे डोंगरातल्या सायकलवाटेची, देखभाल स्वयंसेवक फुकट करतात, मग प्रायोजकाचे पैसे कशाला लागतात?

लागतात, कारण फुकट मिळते ती फक्त मेहनत. अवजारं, लाकूड, विमा आणि रोज कामावर असणारी माणसं यांना पैसे मोजावेच लागतात. कॅनडातल्या नॉर्थ व्हँकूव्हरचं उदाहरण घ्या. तिथे 1997 पासून नॉर्थ शोअर माउंटन बाइक असोसिएशन काम करते. तिच्या दत्तक योजनेत एखादी कंपनी किंवा दुकान एका ट्रेलच्या देखभालीचा खर्च उचलतं आणि आपली माणसंही कामाला आणतं. पाऊस भरपूर, त्यामुळे वरची काळी माती वाहून जाते आणि मुळं उघडी पडतात. मग बाजूला खड्डा खणून खालची घट्ट, खनिज माती काढायची, बादल्यांनी वाहायची, चोपून बसवायची आणि पाण्याला बाजूला वाट करून द्यायची. रविवारी चार तास येणाऱ्यांवर हे सगळं सोपवणं मला अन्यायाचं वाटतं.

वाद होतो तो पुढे. फोटोत शोभणाऱ्या नव्या ट्रेलला प्रायोजक पटकन मिळतो, जुन्या ट्रेलचे चर साफ करायला कुणी पैसे देत नाही. शिवाय नॉर्थ व्हँकूव्हरमधल्या ‘फ्रॉम’ (Fromme) नावाच्या डोंगरावरची बरीचशी जमीन नगरपालिकेची आहे. म्हणून पैसे दिले तरी ट्रेल कुठून न्यायचा हे प्रायोजक ठरवू शकत नाही. हे करारात आधीच लिहून घ्या.