जुनी, पुन्हा भरलेली काडतुसे वापरावीत का?

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहतो आणि गेली ४ वर्षे रेंजवर पिस्तुलाने नेमबाजीचा सराव करतो. आमचे वयोवृद्ध शेजारी मुलीकडे कायमचे राहायला गेले, तेव्हा त्यांनी गॅरेजमध्ये ठेवलेली ९ एमएम काडतुसांची ६ खोकी मला दिली. खोक्यांवर ‘रिमॅन्युफॅक्चर्ड’ असे छापलेले आहे, पण ती उघडलेली आहेत आणि किमान १५ वर्षांपूर्वीची असावीत. काही पुंगळ्या काळवंडल्या आहेत, दोन-तीनांवर हिरवट डाग आहेत. प्रत्येक काडतूस वजनकाट्यावर तोलून फार जड आणि फार हलकी वेगळी काढली, तर उरलेली वापरता येतील का? आता मुलगाही सोबत येतो, म्हणून विचारतो. – एक वाचक, टेक्सास

उत्तर : आपण विचारलेत हे फार बरे केलेत. ही काडतुसे आपण वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याचे मुख्य कारण त्यांचे वय नाही. कारखान्यात तयार झालेली काडतुसे कोरड्या आणि थंड जागी ठेवली, तर कित्येक दशकांनंतरही व्यवस्थित चालतात. गॅरेजची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण धूररहित दारूतील नायट्रोसेल्युलोज हळूहळू विघटित होत असते, ते रोखण्यासाठी दारूत मिसळलेले द्रव्य उष्णतेने लवकर संपते आणि टेक्सासच्या उन्हाळ्यात बंद गॅरेज किती तापते हे आपल्याला सांगायला नको. तरीही माझी खरी काळजी वेगळी आहे : ही काडतुसे कोणी भरली?

‘रिमॅन्युफॅक्चर्ड’ म्हणजे एकदा झाडलेली पितळी पुंगळी स्वच्छ करून, पुन्हा मापात आणून, तिच्यात नवा प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली छोटी टोपी), नवी दारू आणि नवी गोळी बसवलेले काडतूस. अमेरिकेत हा व्यवसाय करणाऱ्याला केंद्र सरकारचा परवाना लागतो. घरी स्वतःपुरती काडतुसे भरणाऱ्याला लागत नाही. असे हौशी लोक रिकामी खोकी जपून ठेवतात आणि आपली काडतुसे त्यांतच भरून ठेवतात, त्यामुळे उघड्या खोक्यावरचा छाप हा आतल्या मालाचा पुरावा ठरत नाही. पुंगळीच्या बुडावरचा शिक्काही इथे उपयोगी पडत नाही. पुण्याच्या वाचकांना खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा ‘केएफ’ हा शिक्का ठाऊक असेल. ती पुंगळी उद्या दुसऱ्या कोणी पुन्हा भरली, तरी शिक्का ‘केएफ’च राहणार. शिक्का पुंगळी कोणी बनवली ते सांगतो, आत दारू कोणी आणि किती घातली ते सांगत नाही.

आता वजनाविषयी. ही युक्ती पटण्यासारखी वाटते, म्हणूनच ती धोक्याची आहे. ९ एमएमच्या नेहमीच्या ११५ ग्रेनच्या गोळीमागे साधारण ४ ते ६ ग्रेन दारू असते, म्हणजे एका ग्रॅमचा जेमतेम तिसरा हिस्सा. निरनिराळ्या कारखान्यांच्या रिकाम्या पुंगळ्यांच्या वजनातच कित्येक ग्रेनचा फरक असतो, त्यात गोळ्यांच्या वजनातला लहानसा फरक मिळतो. त्यामुळे जड पुंगळीचे बिनदारूचे काडतूस आणि हलक्या पुंगळीचे नीट भरलेले काडतूस यांचे वजन काट्यावर सारखेच येऊ शकते. दुप्पट दारू पडलेले काडतूसही याच आडोशाने निसटते. कानाशी धरून हलवून पाहण्याचाही भरवसा नाही.

दुप्पट दारूने चेंबरमधला (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेतला) दाब मर्यादेच्या कितीतरी पलीकडे जातो आणि पिस्तूल हातातच फुटू शकते. ९ एमएमसाठी ‘सामी’ या अमेरिकी प्रमाण संस्थेने ठरवलेली मर्यादा दर चौरस इंचाला ३५,००० पौंड आहे. बिनदारूच्या काडतुसाचे उलट असते. एकट्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि तिथेच अडकते. आवाज नुसता फट् असा येतो, हाताला धक्का जाणवत नाही, आणि नेमबाजाने त्याच भरात पुढचा चाप ओढला तर नळी फुगते किंवा फाटते. अशी एक नळी मी हातात घेऊन पाहिली आहे : मधोमध अंगठी चढवल्यासारखा फुगवटा होता आणि त्यावरून बोट फिरवताना अंगावर काटा आला. अनुभवी नेमबाजही जलद सरावात तो फट् आवाज चुकवतात. मुलाकडून ती अपेक्षा ठेवू नये. असा आवाज कधीही आला, तर पिस्तूल लक्ष्याच्याच दिशेने धरून थांबावे, किमान अर्धा मिनिट जाऊ द्यावे, मग ते रिकामे करावे आणि नळी मोकळी असल्याची खात्री होईपर्यंत पुढे जाऊ नये.

डागांविषयी थोडक्यात : नुसता काळवंडलेला रंग निरुपद्रवी असतो, पण हिरवा गंज, विशेषतः प्रायमरभोवतीचा किंवा पुसल्यावर खड्डा दाखवणारा, असेल तर काडतूस बादच समजावे. गोळी पुंगळीत आत दबलेली दिसली तरीही तेच, कारण आतली जागा कमी झाली की दाब झपाट्याने वाढतो.

हीच खोकी बंद असती, त्यांवर कंपनीचे नाव व लॉट क्रमांक असता आणि ती घरात ठेवलेली असती, तर मी इतका आग्रह धरला नसता. प्रत्येक काडतूस तपासा, सुट्या केलेल्या नळीत ते स्वतःच्या वजनाने अलगद बसते का पाहा, असे म्हटले असते. तेव्हाही आधी पिस्तुलाची पुस्तिका वाचायला सांगितले असते, कारण अनेक कंपन्या पुन्हा भरलेल्या काडतुसांना मनाई करतात आणि ती वापरल्यास वॉरंटी नाकारतात.

ही खोकी कचऱ्यात किंवा आगीत टाकू नका आणि घरी गोळ्या उपसण्याचाही प्रयत्न करू नका. त्यांवर ‘वापरू नये’ असे ठळक लिहून ती कुलपात ठेवा आणि आपल्या रेंजला किंवा स्थानिक पोलिसांच्या तातडीच्या नसलेल्या क्रमांकावर फोन करून ती कुठे जमा करता येतील ते विचारा.