वाचकांचे प्रश्न : साठवलेले पैसे पुन्हा पुन्हा का मोडावे लागतात?

प्रश्न : पगार झाला की मी ठरावीक रक्कम बचत खात्यात टाकते आणि त्यात सहसा खंड पडू देत नाही. स्वभाव खर्चिक नाही. तरीही वर्षातून एकदोनदा काही ना काही निघते आणि साठवलेले बहुतेक पैसे काढावे लागतात. माझी शिस्त कुठे कमी पडते?

उत्तर : शिस्त कमी पडत नाही. दरमहा रक्कम बाजूला काढण्याची सवय आपल्याला आहे आणि ती लागणे हाच या सगळ्यातला कठीण भाग असतो. कमी पडतो तो हिशेब. जे ‘काही ना काही’ निघते असे आपण लिहिता, त्याची गेल्या बारा महिन्यांची यादी करून पाहावी. विम्याचा वार्षिक हप्ता, मुलांच्या शाळेचे शुल्क, वाहनाची दुरुस्ती, बिघडलेल्या यंत्राच्या जागी घ्यावे लागलेले नवे यंत्र, नात्यातले एखादे लग्न, बदललेला चष्मा यांपैकी बहुतेक खर्च अनपेक्षित नसतात. त्यांची नेमकी तारीख पुष्कळदा ठाऊक नसते, पण वर्षभरात ते येणार हे जवळपास ठरलेले असते. दरमहा येत नाहीत एवढ्याच कारणाने ते महिन्याच्या अंदाजपत्रकातून सुटतात आणि मग बचतीच्या माथी बसतात.

आपले मासिक उत्पन्न १०० मानू आणि त्यातले १२ आपण बाजूला ठेवता असे धरू. म्हणजे वर्षाला १४४ जमतात. या अधूनमधून येणाऱ्या खर्चांची वार्षिक बेरीज १०८ निघाली, तर दरमहा ९ आधीच खर्ची पडलेले आहेत आणि आपली खरी बचत १२ नसून ३ आहे. हा आकडा पाहून वाईट वाटेल, परंतु तो कळल्याशिवाय पुढचा कोणताही सल्ला निरर्थक आहे.

यासाठी या खर्चांच्या बेगमीचे खाते बचतीच्या खात्यापासून निराळे ठेवावे, त्यात दरमहा बाराव्या हिश्शाची भर घालावी आणि ते रिकामे झाले तर खंत बाळगू नये, कारण ते रिकामे होण्यासाठीच असते. नोकरी जाणे, दीर्घ आजारपण अशा खऱ्या संकटांसाठी लागणारी गंगाजळी ही वेगळी गोष्ट आहे. ती साधारणपणे तीन ते सहा महिन्यांच्या आवश्यक खर्चाइतकी असावी असे मानले जाते. येथे उत्पन्न नव्हे, तर आवश्यक खर्च मोजायचा असतो, आणि हा फरक पुष्कळांच्या लक्षात येत नाही. घरात मिळवते माणूस एकच असेल, तर सहा महिन्यांकडे झुकावे. हे दोन्ही भरल्यानंतर जे उरेल तेच दूरच्या उद्दिष्टांसाठी गुंतवावे, आणि ते शक्यतो सहज काढता येणार नाही अशा ठिकाणी.

प्रश्न : रोजचा खर्च लिहून ठेवणे खरोखरच आवश्यक आहे का? चार दिवसांत कंटाळा येतो.

उत्तर : जन्मभर लिहिण्याची गरज नाही. तीन महिने मात्र लिहावा, कारण पैसा कुठे जातो याविषयीचा आपला अंदाज आणि वस्तुस्थिती यांत बरेच अंतर असते; विशेषतः आपोआप वळते होणारे मासिक शुल्क आणि फोनवरून सहज होणारे छोटे व्यवहार आठवणीत राहत नाहीत. एकदा चित्र स्पष्ट झाले आणि बचतीची रक्कम महिन्याच्या आरंभी वेगळी होऊ लागली, की उरलेल्या पैशांचा पैन्‌पैचा हिशेब ठेवला नाही तरी फारसे बिघडत नाही.

प्रश्न : माझ्या क्रेडिट कार्डावर बरीच थकबाकी आहे. दरमहा किमान रक्कम भरतो आणि सवय मोडू नये म्हणून थोडी बचतही करतो. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही, आणि हे स्पष्टच सांगायला हवे. कार्डाचे व्याज महिन्याला ३ टक्के असेल, तर चक्रवाढीने ते वर्षाला सुमारे ४२.६ टक्के होते. इटालियन गणिती लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये छापलेल्या ग्रंथात एक सोपा आडाखा दिला आहे : ७२ या संख्येला व्याजदराने भागले, की रक्कम किती काळात दुप्पट होईल ते अंदाजे कळते. वार्षिक ६ टक्क्यांनी ठेवलेले पैसे दुप्पट व्हायला १२ वर्षे लागतील, तर महिना ३ टक्क्यांची न फेडलेली थकबाकी २४ महिन्यांत दुप्पट होईल. किमान रक्कम भरून केवळ विलंबाचा दंड टळतो; तिचा मोठा वाटा व्याजातच जातो आणि मुद्दल जवळजवळ जागेवर राहते.

हाताशी साधारण एका महिन्याच्या खर्चाइतके पैसे ठेवावेत, म्हणजे अडचणीत पुन्हा कार्ड वापरावे लागणार नाही. बाकीची बचत थकबाकीत भरावी. सवयीची काळजी करू नये. ज्या तारखेला बचत करत होता त्याच तारखेला तीच रक्कम कर्जाकडे वळवावी, आणि कर्ज फिटले की किमान हप्त्यासह ती पुन्हा बचतीत जाऊ द्यावी. कर्जे अनेक असतील तर सर्वाधिक व्याजाचे आधी फेडणे गणिताने स्वस्त पडते. काही जण लहान कर्ज आधी संपवतात, कारण एक खाते बंद झाले की हुरूप येतो. व्याजदरांत थोडाच फरक असेल तर त्याला माझी हरकत नाही. फरक मोठा असेल तर हुरूपाची ही किंमत फार होते.

प्रश्न : माझा स्वतंत्र व्यवसाय आहे आणि उत्पन्न दरमहा बदलते. ठरावीक बचत कशी करावी?

उत्तर : आलेले सर्व पैसे एका खात्यात जमा होऊ द्यावेत आणि गेल्या वर्षातल्या सर्वांत कमी मिळकतीच्या महिन्याच्या आसपासची रक्कम ‘पगार’ म्हणून दरमहा घरखर्चाच्या खात्यात घ्यावी. चांगल्या महिन्यांतली वाढ मूळ खात्यात राहून वाईट महिने भरून काढील. कराची रक्कम मात्र प्रत्येक जमेतून लगेच निराळी करावी. ती कधीच आपली नसते.

प्रश्न : पगार वाढतो, पण बचत वाढत नाही. काय करावे?

उत्तर : अर्थशास्त्राचे २०१७ चे नोबेल मिळवणारे रिचर्ड थेलर आणि त्यांचे सहकारी श्लोमो बेनार्टझी यांनी एका अमेरिकी कंपनीतल्या कर्मचाऱ्यांपुढे एक योजना ठेवली होती : आज काहीच कापायचे नाही, परंतु पुढच्या प्रत्येक पगारवाढीबरोबर बचतीचा वाटा वाढेल याला आजच संमती द्यायची. योजनेत सामील झालेल्यांची सरासरी बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली, असे त्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केले. हातात येणारा पगार कधीच घटत नसल्यामुळे कोणाला काही गमावल्यासारखे वाटले नाही.

आपणही पुढील वाढीचा निम्मा भाग बचतीत वळवण्याची सूचना बँकेला आधीच देऊन ठेवू शकता. फक्त ती वाढ महागाईपेक्षा अधिक आहे का, हे प्रथम पाहावे. पगार ६ टक्क्यांनी वाढला आणि किमतीही तेवढ्याच वाढल्या, तर निम्मी वाढ बाजूला काढल्याने घरखर्चाला प्रत्यक्षात कात्री लागते. अशा वर्षी बचतीची रक्कमही ६ टक्क्यांनीच वाढवावी आणि मोठी वाढ मिळेल त्या वर्षी निम्म्याचा नियम लावावा.